माझे निम्मे पॉइंट

१३ जानेवारी

वकीलबाई म्हणाल्या, "आजपासून तारीखवार लिहून ठेवत जा. काय घडलं तेवढंच. भावना नकोत."

भावना नकोत म्हणे! चोवीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवरा एक दिवस सांगतो, "मला जरा विचार करायचाय, थोडे दिवस वेगळा राहतो," आणि बॅग भरून निघून जातो. मग तिने काय लिहायचं, बॅगेचा रंग? निळा होता. झालं समाधान?

तर घटना. साहेब ऑक्टोबरात गेले. साहेब म्हणजे माझा नवरा. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, म्हणून मी आणि लेक पाठीमागे त्याला साहेब म्हणतो. लेक शिकायला दुसऱ्या गावी असते. सासूबाई मात्र माझ्याकडेच राहिल्या. मुलाला म्हणाल्या, "तुझा विचार झाला की कळव. मी माझं कपाट हलवणार नाही."

दोन महिने वाट पाहिली. तोंडातून ब्र काढेल तर शपथ. मग मी पण विचार केला आणि वकीलबाईंकडे गेले.

आज त्यांनी विचारलं, काय काय वाटून घ्यायचंय? घर, ठेवी, सामानसुमान. मी म्हटलं, "आणि कार्डाचे पॉइंट."

त्यांनी चष्मा काढला. "कसले?"

"क्रेडिट कार्डाचे. एक लाख ब्याण्णव हजार आहेत. निम्मे माझे."

त्या हसल्या. हसा म्हणावं. मी निम्म्यातला एक सोडणार नाही.

१४ जानेवारी

वकीलबाईंना पॉइंट म्हणजे काय ते नीट लिहून हवंय. लिहिते.

बारा वर्षांपूर्वी साहेबांनी हे कार्ड घेतलं. काळं, जाड, टेबलावर टाकलं की टणकन वाजणारं. वर्षाची फी बारा हजार. ऐकून मी खालीच बसले होते. पण त्याने समजावलं की खर्च करू तसे पॉइंट जमतात, पॉइंटांवर विमानाची तिकिटं मिळतात, आणि त्या तिकिटांवर आपण बेटावर जायचं. लग्नानंतर जायचं राहून गेलेलं ते बेट. तळाची वाळू दिसते इतकं स्वच्छ पाणी. मी पोहायला शिकवते. सगळी उमेदीची वर्षं क्लोरीनच्या पाण्यात गेली, शेकडो लोकांना तरंगायला शिकवलं, आणि समुद्रात एकदाही उतरलेली नाही. कुणाला सांगितलं तर थापा वाटतात.

त्याच्या कार्डाला जोडून मला एक कार्ड मिळालं आणि घराला पॉइंटांचं वेड लागलं. कोपऱ्यावरचा दुकानदार कार्ड घेत नाही, मग त्याच्याकडे जायचं नाही. मोठ्या दुकानात दुप्पट पॉइंट, म्हणून दोन बस बदलून जायचं आणि दोन्ही हातांत पिशव्या लोंबकळवत यायचं. लेकीची फी, फ्रिज, पडदे, सगळं कार्डावर. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशनसुद्धा. पट्टी सुटायच्या आधी त्यांनी विचारलं होतं, "किती पॉइंट झाले ग माझ्या डोळ्याचे?"

आणि दर वर्षी आमचं ठरायचं, यंदा नको, अजून थोडे साठू देत, मग चौघं मिळून जाऊ. बारा वर्षं साठवले. एकही वापरला नाही.

ऑक्टोबरपासून मी कार्डाला हात लावलेला नाही. त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून रोख देऊन आणते, नाकावर टिच्चून.

१९ जानेवारी

रविवार. साहेब आईला भेटायला आले. दर रविवारी येतात. आज बसने आले, गाडी म्हणे सर्व्हिसिंगला दिलीये. गेल्या रविवारीही तिथेच होती. त्या गाडीला झालंय तरी काय?

सासूबाईंनी वाढलं. मी वाढणार नव्हतेच. तीनदा मागून घेतलं त्याने. पूर्वी माझ्या स्वयंपाकाला नाक मुरडायचा, आता ताट पुसून खातो. विचार करून भूक लागत असेल.

जेवण झाल्यावर मला म्हणाला, "पॉइंटचं काय काढलंयस? वकिलाचा कागद आलाय."

"निम्मे माझे."

"कार्ड माझ्या नावावर आहे. फी मी भरली. बारा वर्षं, बारा-बारा हजार. एक लाख चव्वेचाळीस हजार होतात."

"आणि खर्च कुणी केला?"

"खर्च करणं हे काय काम आहे?"

"माझ्या खांद्याला विचारा. दोन बस, चार पिशव्या, बारा वर्षं."

मग त्याने वकिलाच्या पाकिटाच्या मागे आकडेमोड केली. दुकानाचं कूपन घेतलं तर चार पॉइंटांचा एक होतो. म्हणजे सगळ्या पॉइंटांचे मिळून अठ्ठेचाळीस हजार. फी त्याच्या तिप्पट गेलेली. तोटा शहाण्णव हजार. "निम्मं हवंय ना तुला? मग तोट्यातलं निम्मं घे. अठ्ठेचाळीस हजार तूच मला देणं लागतेस!"

आणि हसला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. खरं सांगायचं तर मलाही हसू येत होतं, ते मी गिळलं.

"कूपनाचा भाव लावू नका," मी म्हटलं. "विमानाच्या तिकिटाला एका पॉइंटाचा एक मिळतो. त्या भावाने एक लाख ब्याण्णव हजार. तुमची फी वजा केली तरी वर अठ्ठेचाळीस हजार नफा. आपण तिकिटांसाठी साठवत होतो, कूपनांसाठी नाही."

"तिकिटं काढणार कोण आहे आता?" तो म्हणाला.

  अंगाचा तिळपापड झाला. माझ्या बारा वर्षांना कूपनाचा भाव लावतो!

जाताना सासूबाईंनी त्याला डबा भरून दिला, चांगला चार कप्प्यांचा. तो डबा कोण खातं ते मला ठाऊक आहे. त्या बाईला मी कधी पाहिलेलं नाही, पण नाव ठेवलंय, विचारबाई. साहेब 'विचार करायला' गेलेत ना. घ्या विचारबाई, जेवा माझ्या घरचं.

२८ जानेवारी

मंगळवार. सकाळची बॅच संपवून, ओले केस घेऊन घरी येते तर साहेब स्वयंपाकघरात. पुढ्यात चार अंड्यांचं ऑम्लेट आणि अर्धा पाव.

"ऑफिस नाही का?"

"इकडेच मीटिंग होती."

पट्ट्याला नवं भोक पाडलंय, खिळ्याने पाडल्यासारखं वेडंवाकडं. शर्टाला इस्त्री नाही. विचारबाईंना इस्त्री येत नसावी.

मग म्हणाला, "गीझर चालू असेल तर अंघोळ करून जाऊ का? तिकडे पाण्याची बोंब आहे." मी टॉवेल काढून दिला. कुणालाही दिला असता, पूलवर रोज वीस जणांना देते.

अंघोळ करून तो बाहेर आला आणि क्षणभर घर पूर्वीसारखं झालं. हा माणूस परत यावा असं मला वाटतं का? वाटतं. लिहून टाकलं. वकीलबाईंना हे पान दाखवायचं नाही. पण परत यावा म्हणून मी माझे पॉइंट सोडणार नाही, हेही त्याच पानावर लिहून ठेवते.

४ फेब्रुवारी

आज बँकेला फोन केला. जोडकार्डवाल्या बाईला पॉइंट वापरता येत नाहीत, पण शिल्लक सांगतात.

एक लाख बारा हजार.

मी म्हटलं, पुन्हा बघा. पुन्हा तेच. मधले ऐंशी हजार कुठे गेले? ती पोरगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, मूळ कार्डधारकांनी किराणा दुकानाची कूपनं घेतली आहेत. ऑक्टोबरपासून घेतायत."

किराणा! तोही कूपनाच्या भावाने! मला म्हणतो तिकिटं काढणार कोण, आणि तिकडे विचारबाईंचे डबे भरतोय. माझ्या समुद्राचं तिने तेलमीठ केलं.

संध्याकाळच्या बॅचला माझा आवाज असा काही लागला की एक आजोबा शिट्टीआधीच पाण्याबाहेर आले.

९ फेब्रुवारी

त्याला उंबऱ्यातच गाठलं. "ऐंशी हजार कुणाच्या घशात घातले?"

चेहरा खर्रकन उतरला. पण मान्य करेल तर साहेब कसला! "माझं कार्ड आहे. मी घेतली कूपनं. हिशेब का देऊ?"

"कारण निम्मे माझे आहेत."

"तू पण ना, तेच तेच," तो म्हणाला. "हे बघ, वीस मार्चला पुढच्या वर्षाची फी पडेल. बारा हजार मी काही भरणार नाही. त्याआधी कार्ड बंद करणार."

"कार्ड बंद केलं तर पॉइंट जातात."

"माहितीये."

"मग आत्ता द्या. माझ्या निम्म्याची तिकिटं काढा आत्ताच्या आत्ता."

तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत बसला. "थोडं थांब ना," म्हणाला. "बघतो मी."

काय बघतो? पोट भरलं का बघतो? मी म्हटलं, "वीस मार्चच्या आत माझे निम्मे मिळाले नाहीत तर तुमच्या ऑफिसात येऊन, सगळ्यांसमोर मागेन. आवाज माहीत आहे ना माझा?"

"ऑफिसात येऊ नकोस," तो पटकन म्हणाला. अगदी घाबरून. म्हणजे विचारबाई ऑफिसातलीच आहे. सापडलं!

घराचा हप्ता तेवढा तो वेळेवर भरतोय. एक दिवस इकडचा तिकडे नाही. मनाची टोचणी असणार, दुसरं काय.

१७ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "आई, पॉइंट काय घेऊन बसलीयेस? बाबा गेलाय, आणि तू कूपनांवरून भांडतेयस!"

"कूपनांवरून नाही, तिकिटांवरून."

"तेच ते."

"तेच ते नाही. बाबाने फी भरली ती दिसते, पावती असते तिची. मी पिशव्या वाहिल्या त्याची पावती म्हणजे हे पॉइंट. दुसरी कुठलीच नाही माझ्याकडे."

 मग म्हणाली, "बाबा मला फोनच करत नाही ग. केला की दोन मिनिटांत ठेवतो. आवाज कसातरीच येतो."

मी म्हटलं, विचारात असेल.

४ मार्च

आज वकीलबाईंच्या ऑफिसात बैठक होती. साहेब एकटेच आले, वकील नाही, काही नाही. तोच शर्ट. वकीलबाईंनी घराचा विषय काढला. मला वाटलं आता जुंपणार.

हा म्हणाला, "घर तिच्या नावावर करा. पूर्ण."

वकीलबाईंचं पेन हवेतच राहिलं. "पूर्ण? आणि उरलेले हप्ते?"

"जमेल तोवर मी भरेन."

"ठेवी?"

"फारशा उरल्या नाहीत. असतील त्या तिच्या."

"मग पॉइंट?"

इथे गाडी अडली. बोटं मोडत बसला. "पॉइंटांचं... वीस तारखेपर्यंत थांबा. मग सांगतो."

घर देतो आणि पॉइंट देत नाही! जगात असा माणूस कुणी पाहिलाय? वकीलबाईंनी मला बाहेर नेलं. "अहो बाई, घर मिळतंय तर घ्या आणि गप बसा. दोन खोल्या आणि गॅलरी आहे, वेड लागलंय का तुम्हाला?"

"लागलंय," मी म्हटलं. "घर त्याने दिलं तर ते त्याने दिलेलं. पॉइंट मी मिळवलेले आहेत."

आत येऊन मी त्यालाही सुनावलं, तुमचं घर नको मला. सही केली नाही. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. साहेबांनी त्यांच्या टेबलावरच्या बशीतली बिस्किटं बोलता बोलता सगळी संपवली. त्याचीही मला लाज वाटली.

११ मार्च

आज ऑफिसात गेले.

बसमध्ये भाषण पाठ करत होते. सुरुवात अशी होती: 'या माणसाने एका बाईच्या बारा वर्षांचा किराणा केला.' वाक्य मला फार आवडलं होतं. पूलची शिट्टीसुद्धा पर्समध्ये टाकली होती, लागली तर.

काचेचं दार, गुळगुळीत फरशी, टेबलामागे एक मुलगी. मी म्हटलं, "साहेबांना बोलवा. त्यांची बायको आलीये म्हणावं." आणि नाव सांगितलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. "मॅडम... ते सप्टेंबरपासून नाहीत इथे."

"बदली झाली?"

"नाही. त्यांचा अख्खा विभागच बंद केला. सतरा जण गेले." मग हळूच म्हणाली, "तुम्हाला पाणी देऊ?"

मी तिथल्या खुर्चीत बसले. पाणी प्यायले. शिट्टी पर्समध्ये टोचत होती.

सप्टेंबरात नोकरी गेली, ऑक्टोबरात हा घरातून गेला. आधी हायसं वाटलं. खरं तेच लिहिते. विचारबाई नाही! कधी नव्हतीच! मी त्या काचेच्या खोलीत बसून चक्क हसले. मुलगी घाबरली असेल.

मग एकेक गोष्ट डोक्यात येऊ लागली. सर्व्हिसिंगची गाडी, म्हणजे कंपनीने परत घेतलेली गाडी. मंगळवारचं ऑम्लेट. खिळ्याने पाडलेलं भोक. किराणा.

आणि मग राग आला, असा की ऑक्टोबरपासूनचा सगळा राग त्यापुढे काहीच नाही. बायकोला दुसरी बाई आहे असं वाटलं तर चालेल, नोकरी गेली असं कळलं तर चालणार नाही! मी विचारबाईला शिव्या देत होते तेव्हा याला काय वाटत होतं? बरं झालं, खपलं, असं? आणि वकीलबाईंची फी मी भरतेय ती? ती कुठल्या पॉइंटांत धरायची?

१२ मार्च

वकिलाच्या कागदावर त्याचा पत्ता होता. सकाळची बॅच दुसरीला सोपवली आणि गेले.

टायरच्या दुकानावर एक खोली. जिन्यात रबराचा वास. दार उघडलं तेव्हा अंगात बनियन, हातात चमचा. खोलीत कॉट, निळी बॅग, एक शेगडी. खिडकीत पाव आणि आमचा चार कप्प्यांचा डबा, घासून पालथा घातलेला.

"ऑफिसात गेले होते," मी म्हटलं.

तो कॉटवर बसला. चमचा हातातच.

"का सांगितलं नाहीत?"

"सांगणारच होतो. दुसरी मिळाली की सांगणार होतो. रोज सकाळी बॅग घेऊन निघायचो, बागेत बसायचो, संध्याकाळी यायचो. तू विचारायचीस, आज काय झालं ऑफिसात? मी रचून सांगायचो. तीन आठवडे केलं. मग जमेना."

"म्हणून घर सोडलंत."

"खोटं बोलण्यापेक्षा बरं वाटलं."

"हे खोटं नव्हतं? मला वाटत राहिलं की तुमचं कुणाबरोबर..." माझा आवाज फाटला. खालच्या दुकानातली ठोकाठोक थांबली. थांबू दे. "मला वाटलं मी नकोशी झाले! पाच महिने! मी आरशात बघून स्वतःला नावं ठेवली, कळतंय तुम्हाला? दंड जाड झालेत म्हणून, केस क्लोरीनने गेलेत म्हणून! आणि तुम्ही माझं तसं वाटणं चालवून घेतलंत, कारण ते तुम्हाला सोयीचं होतं!"

तो म्हणाला, "चुकलं."

"चुकलं नाही. तुम्ही निवडलंत."

मग तो रडला. मी बसून राहिले. पाठीवरून हात फिरवावा असं वाटलं, फिरवला नाही. हातच उठेना.

थोड्या वेळाने त्यानेच सांगितलं. कंपनीने हातावर ठेवलेल्या रकमेतून घराचा हप्ता भरतोय, तेवढाच पुरतोय, तोही मेपर्यंत. खोलीचं भाडं ठेवी मोडून. खायला उरत नव्हतं. मग पॉइंटांची आठवण झाली.

"आणि माझे निम्मे? ते पण खाल्लेत?"

त्याने डोळे पुसले. "शहाण्णव हजार शिल्लक आहेत," म्हणाला. "बघ हवं तर बँकेला विचारून. दोन आठवड्यांपूर्वी माझे संपले. तुझ्याला हात लावलेला नाही. लावावा लागेल असं वाटत होतं, म्हणून तुला थांब थांब म्हणत होतो. पण नाही लावला."

"निम्मे माझे नव्हते ना? कार्ड तुमचं ना?"

"ते बोलायला," तो म्हणाला.

दोन आठवडे हा माणूस पाव आणि रविवारच्या डब्यावर जगला, पण ते कूपन घेतलं नाही. आणि तोंडाने मात्र माझा एकही पॉइंट नाही म्हणून भांडत राहिला. याला काय म्हणावं मला सुचलं नाही. अजून सुचत नाहीये.

निघताना म्हणाला, "आईला सांगू नकोस. तिला झेपणार नाही."

"मी नाही सांगणार. माझं काम नाही ते." मग म्हटलं, "रविवारी या. वीस तारखेच्या आत फीचा निकाल लावायचाय. घरूनच बँकेला फोन करू."

"बारा हजार भरून काय करायचंय? तोटाच आहे."

"तोटा की नफा ते मी ठरवेन. तुमची पाळी झाली."

१६ मार्च

पूलवरच्या हिशेबनीस बाईने मला एक युक्ती सांगितली होती. बँकेला फोन करायचा आणि म्हणायचं, कार्ड बंद करा. मग ते आपोआप फी सोडतात. मी साहेबांना बजावून ठेवलं होतं, त्या मुलीने कारण विचारलं की सांगायचं, फी जास्त वाटते. बस्स. पुढचं मी बघते.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन ठेवला, स्पीकरवर. सासूबाई ओट्याशी भाजी निवडत होत्या. तो सगळं नीट बोलला. नाव, जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव. ते ऐकून सासूबाई मागे वळून म्हणाल्या, "माझं आडनाव कशाला हवंय तिला?"

"सर, कार्ड बंद करण्याचं कारण सांगाल का?" मुलीने विचारलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मी ओठांनीच म्हटलं, फी.

"सर? फी जास्त वाटते, सेवा आवडली नाही, दुसऱ्या बँकेचं कार्ड घेतलंय, की इतर काही?"

"इतर," तो म्हणाला.

"इतर म्हणजे काय लिहू सर?"

फोनमध्ये मागे कुठेतरी दुसऱ्या मुली बोलत होत्या. सासूबाईंचा हात थांबला होता.

"नोकरी गेली माझी," तो म्हणाला. "सप्टेंबरात. सहा महिने झाले. अजून मिळाली नाही."

एवढं मोठ्याने तो घरात कधी बोलला नव्हता. मुलगी म्हणाली, "एक मिनिट हं सर," आणि फोनवर बाजा लागला, कसलीशी आनंदी धून.

सासूबाई वळल्या. भाजीचे हात पदराला पुसले. मला वाटलं आता खाली बसतात की काय. त्या त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, मग डबा दोन वेळचा दिला असता ना!"

तो मान खाली घालून बसला. त्यांनी त्याच्या डोक्यावर एक टप्पल मारली, चांगली जोरात, आणि हात तिथेच ठेवला. धून वाजतच होती.

मुलगी परत आली. आवाज बदलला होता, जरा कमी गोड आणि जास्त माणसासारखा. "सर, मी वरिष्ठांशी बोलले. या वर्षीची फी आम्ही माफ करतो. पुढच्या वर्षी मात्र भरावी लागेल. कार्ड चालू ठेवू?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी," मी म्हटलं. "आणि आता पॉइंट वापरायचेत. सगळे. विमानाची तिकिटं हवीत." बेटाचं नाव सांगितलं. 

"तुम्ही कोण बोलताय?"

"जिने पॉइंट मिळवले ती."

"मॅडम, मूळ कार्डधारकांनी सांगावं लागेल."

तो फोनकडे वाकला. "पॉइंट तिचे आहेत. ती सांगेल तसं करा."

चोवीस वर्षांत मी याच्याकडून बरंच काही ऐकलंय. एवढं गोड काही ऐकलं नव्हतं. पण मी विरघळले नाही, हे नमूद करते.

"जाऊन-येऊन एका तिकिटाला बत्तीस हजार पॉइंट लागतील," मुलगी म्हणाली. "प्रवासी किती?"

"तीन. मी, माझ्या सासूबाई आणि माझी मुलगी."

सासूबाई म्हणाल्या, "अग, आणि हा?"

"त्यांनी त्यांचे खाल्ले, आई. माझ्या पॉइंटांत मी पोहणार आहे."

मला वाटलं आता बिनसणार. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. मग फोनवर सांगितलं, "तीनच. बरोबर आहे तिचं." त्याच्या मोबाइलवर आकडे आले, ते त्याने एकेक सुटे वाचून दाखवले. तिकिटं झाली. मे महिन्याची.

फोन ठेवल्यावर म्हणाला, "मग मी खोलीवर निघू?"

"बॅग घेऊन या," मी म्हटलं. "वकीलबाईंचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही, आणि घाई करू नका. पण हप्ता तुम्ही भरलाय. या घरात तुम्ही फुकट राहत नाही."